पावणेचारची भरती

आमच्या घरात माणसं पाच आणि सहलीचा विषय निघाला की मतं सहा. सहावं मतही नवऱ्याचंच असतं. सकाळी ठरवलेलं रात्री जेवताना बदललेलं असतं. मुलगा अकरावीत आहे, त्याला डोंगर हवा असतो आणि शक्यतो आमच्याशिवाय. धाकटी पाचवीत. तिला पाणी आवडतं, पण तळाला निळी फरशी असलेलं. सासूबाई "मला काय विचारता, तुम्ही म्हणाल तिथे" एवढंच म्हणतात आणि मग सुचवलेल्या प्रत्येक गावात एकेक खोट काढतात. लोणावळ्याला धुकं, माथेरानला माकडं, महाबळेश्वरला नुसती गर्दी. मी आपली ज्या गावात डबे न्यावे लागणार नाहीत त्या गावाच्या बाजूने. असा महिनाभर काथ्याकूट होतो आणि शेवटी रविवारी सगळे घरीच बसून बाहेरून काहीतरी मागवतात.

अलिबागच्या बाबतीत हे होत नाही, कारण तिथे आमच्या मताला कोणी विचारत नाही. कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे. ओहोटी असली की किनाऱ्यावरून चालत जाता येतं, भरती असली की होडी. आमच्याकडे किल्ल्यात चालतच जायचं असा दंडक आहे, त्यामुळे कुठल्या तारखेला जायचं, किती वाजता पोचायचं, किल्ल्यातून कधी निघायचं आणि म्हणून जेवायचं कधी, हे सगळं समुद्र ठरवून ठेवतो. आपण फक्त हो म्हणायचं. पाच माणसांच्या कुटुंबाला यासारखी विश्रांती नाही.

समुद्राचं वेळापत्रक घरात आणतात त्या सासूबाई. त्यांचं माहेर चौलचं. आता तिथे कोणी नाही, घरही राहिलं नाही, पण तिथीवरून पाणी सांगायची सवय तशीच आहे. हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे त्या दिवशी भरती पूर्ण होण्याची वेळ, पहाटेची आणि दुपारचीही. त्याच्यापुढे सहा तासांनी पाणी तळाला. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे भर दुपारी बारा-सव्वाबाराला सुकती. आई ओहोटीला सुकतीच म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्या वेळी पाणी भरतंही खूप आणि मागेही खूप जातं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, तेव्हा ना धड भरती, ना धड ओहोटी. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हे गणित चांगलं लागू पडतं.

चिरंजीवांनी त्यावर लगेच आक्षेप नोंदवला. पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं होतात, पंचेचाळीस नाही. "आजी, तुझ्या हिशोबात पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक होते." आई भाजी निवडत होत्या, मानही वर केली नाही. "पाणी यायच्या पाऊण तास आधी किनाऱ्यावर पोचलास तर बुडत नाहीस," म्हणाल्या. मला वाटतं, अंदाजाने चालणाऱ्या शास्त्राचं याहून चांगलं समर्थन शोधूनही सापडणार नाही.

तारीख ठरवताना मात्र आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे उपास. अलिबागला जाऊन मासे न खाता परत येणं याला आमच्याकडे मान्यता नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार बाद. एकादशी बाद. चतुर्थीला ओहोटी सव्वानऊची, वेळ उत्तम, किल्ल्यात गणपतीही आहे. पण वद्य पक्षात ती संकष्टी, म्हणजे दिवसभर साबुदाणा. तेव्हा माघ वद्य पंचमीचा रविवार निघाला. पाचची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, सकाळी दहाला ओहोटी. आदल्या दिवशी चंद्रोदयाला उपास सुटलेला, दुसऱ्या दिवशी बांगडा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकोनाला आईंनी पेन्सिलीने गोल केला आणि आम्ही सगळे चर्चेतून मोकळे झालो.

गाडीने जायचं नाही हे सुदैवाने आधीपासूनच ठरलेलं असतं. मुंबईहून रस्त्याने गेलं तर पनवेल, पेण आणि वडखळ, आणि वडखळला रविवारी सकाळी काय होतं ते तिथे अडकलेल्यांना विचारावं. समुद्राने गेलं तर गेटवेवरून मांडवा तासाभरात. त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस. आता भाऊच्या धक्क्यावरून रो-रोसुद्धा आहे, 2020 पासून, तिच्यात आपली मोटार चढवून नेता येते. पण मोटार नेली की ती कुठे लावायची हा सातवा प्रश्न येतो, आणि मोटार आहेच तर काशीद करू, मुरूड करू, जंजिरा करू असं नवऱ्याचं सुरू होतं. मुरूड अलिबागपासून पन्नासेक किलोमीटर. एका दिवसात दोन जलदुर्ग बघायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी दोन्ही ठिकाणी फक्त पार्किंग पाहिलेलं असतं.

मुलुंडहून अंधारात निघालो. लोकलमध्ये आम्ही आणि भाजीवाले. गेटवेच्या धक्क्यावर मात्र हळदीच्या घरासारखी लगबग: टोप्या, बॅडमिंटनच्या रॅकेटी, तान्ही बाळं, आणि हमखास एक मामा, सगळ्यांची तिकिटं हातात घेऊन हरवलेला. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे पडतात, ते द्यावेत. लाँच सुटली की दहा मिनिटांत कुरव मागे लागतात. पांढरे, पंखांच्या टोकाला काळे, लाँचच्या वेगाने अगदी आपल्या खांद्याशी तरंगत राहतात. यांच्यातले बरेचसे हिवाळ्यापुरते लडाख आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवरून आलेले असतात. एवढ्या लांबून येऊन ते वेफर्स खातात. दरवेळी कोणीतरी पाकीट फोडतं, पुढची बाक उभी राहते, सगळ्यांचे फोन वर. धाकटीने वेफर्स मागितले, मी दिले नाहीत. पक्ष्यांसाठी ते वाईट आहेत हे कारण मी सांगितलं. ते खरं आहे, आणि पाकीट एकच होतं हेही खरं आहे.

मांडव्याहून बस चोंढीवरून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता बंगल्यांच्या जाहिराती: समुद्रदर्शन, खासगी तलाव, मुंबईपासून एका तासावर. आई खिडकीतून वाड्या मोजत होत्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या. जिथे कुंपण नवं तिथे वाडी संपली, असा त्यांचा आडाखा. फार काही बोलल्या नाहीत. एका वळणावर "इथे आमचा मामा बैल थांबवायचा" एवढंच म्हणाल्या आणि बस पुढे गेली.

अलिबागच्या स्टँडवर उतरलं की मला प्रत्येक वेळी तो विनोद आठवतो. "मी काय अलिबागहून आलोय का?" हे मुंबईत अडाणी नसल्याचं प्रतिज्ञापत्र म्हणून वापरतात. अलिबागच्या एका रहिवाशाला ते इतकं लागलं की या वाक्यावर बंदी घाला म्हणून तो उच्च न्यायालयात गेला. 2019 मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असं त्याला सांगण्यात आलं. न्यायालयाचं बरोबरच आहे. पण ज्या गावाच्या आरमाराने मुंबईकर इंग्रजांची झोप उडवली होती त्या गावाला मुंबईने भोळं म्हणावं, हा खरा विनोद आहे, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि पाणी जाण्याच्या बेतात होतं. अलिबागची वाळू काळपट, घट्ट; तिच्यावरून घोडागाड्या धावतात. किल्ला समोर, जमिनीचाच एक तुकडा दूर जाऊन बसावा तसा. मधल्या पट्ट्यात पाण्याचा एक चिंचोळा फाटा अजून चमकत होता. माणसं त्या फाट्याशी येऊन थांबत होती, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडत होती, आणि कोणीतरी एक पुढे गेला की बाकीचे त्याच्या मागे. पौर्णिमेला पाच दिवस झालेले, त्यामुळे पाणी अगदी तळापर्यंत हटणार नव्हतं. घोटाभर, मध्ये एके ठिकाणी पोटरीभर. आईंच्या गुडघ्यांसाठी घोडागाडी केली. त्या नको नको म्हणत चढल्या आणि वर बसल्यावर लगेच गाडीवानाला तिथी विचारून त्याची परीक्षा घेतली. तो पास झाला. "बाराच्या आत खाली या मावशी," त्याने सांगितलं. "पाणी समोरनं नाही येत, बाजूनं येतं. कळत नाही."

आम्ही चौघे चालत निघालो. पहिली पाच मिनिटं सगळे एकमेकांना सांभाळत, मग आपापले. नवरा चपला हातात धरून फोनवर बोलत होता, मग फोन खिशात गेला, मग पूर्ण वाट तो काहीच बोलला नाही, हे आमच्याकडे क्वचित घडतं. मुलगा खडकांवरून उड्या मारत पुढे. त्याला डोंगर हवा होता; इथे निदान दगड होते. धाकटी मात्र दर दोन पावलांनी वाकत होती. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर एक बाई उकिडवी बसून कालवं फोडत होती. एक टोकदार लोखंडी हत्यार, दोन बोटांत धरलेलं. टोक शिंपल्याच्या कडेला लावायचं, एक ठोका, वरचं झाकण उडतं, आत राखाडी, ओलसर, नखाएवढा जीव, तो काढून डब्यात. ठोका, झाकण, डबा. तिचा हात थांबतच नव्हता. धाकटीने विचारलं, "त्याला दुखतं का?" बाई हसली. "मला दुखतं, कमरेत." आणि डब्यातलं पाणी सारखं करून पुढच्या खडकाकडे सरकली. तिलाही बाराच्या आत आटपायचं होतं. त्या पट्ट्यावर आम्ही, ती, घोडे, सगळेच एकाच घड्याळावर चाललो होतो.

कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं. महाराजांच्या आयुष्याचं ते शेवटचं वर्ष. पुरं झालं ते संभाजी महाराजांच्या काळात. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज, म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, एकत्र येऊन याच्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. शाळेत हे सगळं सनावळ्यांमध्ये शिकलो होतो. पण पायथ्याशी उभं राहून तटाकडे पाहिलं की एक साधी गोष्ट दिसते, ती पुस्तकात असती तर इतिहासात मला बरे गुण पडले असते. या तटाच्या दगडांच्या सांध्यात चुना नाही. प्रचंड चिरे नुसते एकावर एक बसवले आहेत. लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरतं, तिथे त्याचा जोर जिरतो आणि ते परत बाहेर येतं. चुन्याने फटी बुजवल्या असत्या तर सगळा मार भिंतीने अंगावर घेतला असता. धाकटीचा हात दोन चिऱ्यांमध्ये मनगटापर्यंत गेला. आत गार होतं, म्हणाली, आणि काहीतरी पळालं.

मुलाने मघापासून पहिल्यांदाच फोन सोडून कशाकडे तरी नीट पाहिलं. दगड किती वजनाचा असेल, ओहोटी रोज वेगळ्या वेळी, मग गवंडी कामावर कधी यायचे, हजेरी कशी लागायची. मला त्याचा हा प्रश्न फार आवडला. कारण खरंच, हा किल्ला ज्यांनी बांधला त्यांचा दिवस रोज पाऊण तासाने पुढे सरकत असणार. आज सकाळी दहाला वाट मोकळी, आठवड्याने दुपारी, पंधरवड्याने पुन्हा सकाळी. आपण एक रविवार त्या वेळापत्रकावर काढला तर सहल म्हणतो.

महाद्वाराशी आई आमची वाट बघत उभ्या होत्या, गाडीवानाशी त्यांची आता कुळाची ओळख निघाली होती. दरवाजावर मोर आणि हत्ती कोरले आहेत. ऊन तिरपं असताना बघावेत, चांगले उठून दिसतात. आत शिरलं की समुद्र एकदम नाहीसा होतो. झाडं, मोडलेले चौथरे, पायवाटा. आंग्र्यांच्या वाड्यांचे नुसते जोते उरलेत. पुष्करणी आणि तिच्या पुढ्यात सिद्धिविनायकाचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं, गणपतीबरोबर आत पंचायतनाच्या बाकीच्या मूर्तीही आहेत. संकष्टीची आदल्या दिवशीची फुलं अजून होती. आईंनी काल उपास केला होता, आज देवाला भेटल्या, त्यांच्या हिशोबाने व्यवहार पूर्ण झाला.

चारही बाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यात गोड पाण्याची विहीर आहे, हे प्रत्येक गाईड प्रत्येक घोळक्याला आवाज चढवून सांगतो. सांगू दे. उत्तरेच्या तटावर दोन तोफा मात्र बघण्यासारख्या: चाकाच्या गाड्यावर बसवलेल्या, यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. म्हणजे आंग्र्यांच्या नाहीतच, इंग्रजांच्या. आमच्या शेजारी एक काका त्याच तोफांनी कान्होजींनी इंग्रजांची जहाजं बुडवल्याचं नातवंडांना सांगत होते. नवरा दुरुस्ती करायला पुढे झाला, मी त्याचा शर्ट धरला. रविवारी सकाळी कोणाच्या आजोबांची तोफ खाली उतरवू नये.

त्याच तटावरून उत्तरेला, हवा स्वच्छ असेल तर, खांदेरी आणि उंदेरी दिसतात. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात खांदेरी आहे, कुलाबा नाही. निकष वगैरे असणार, मला त्यातलं कळत नाही. पण अलिबागकर गाडीवानाला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बरंच झालं. अजून गर्दी कुठे मावणार?" मग थोडं थांबून, "पण द्यायला पाहिजे होता." दोन्ही वाक्यं त्याने मनापासून म्हटली.

पावणेबाराला खाली उतरलो. फाट्यात आता गुडघ्याला पाणी होतं, आणि खरोखरच ते समोरून आलेलं नव्हतं. मध्यावर धाकटीची एक चप्पल वाळूने धरून ठेवली ती सोडलीच नाही. ती दुसरी चप्पलही तिथेच टाकून आली. "एकीचं काय करू?" यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

आता जेवण. अलिबागमध्ये मोठ्या पाट्यांची हॉटेलं पुष्कळ आहेत, पण आम्ही एका घरगुती खानावळीत जातो. पडवीत टेबलं, आत बायका भाकऱ्या थापताना दिसतात, आणि रविवारी बाहेर बाकावर तासभर बसावं लागतं. तासभर बसलो. आई मधल्या वेळात आत जाऊन आल्या, बांगड्याचे कल्ले उचलून पाहून आल्या असणार, कारण बाहेर येऊन फक्त "हं" म्हणाल्या. ते प्रमाणपत्र. ताटात तांदळाची भाकरी, रव्यात घोळवून तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, कालवण, भात, सोलकढी. धाकटी मासे खात नाही, या घरात ती कुठून आली कोण जाणे, पण तिच्यासाठी वालाचं बिरडं होतं आणि ते इतकं चांगलं होतं की नवऱ्याने तिच्या वाटीतून दोनदा चोरलं. सोबत चिरलेला पांढरा कांदा, जवळजवळ गोड. आई तिसऱ्यांचे शिंपले ताटाच्या कडेला एकात एक बसवत रचत होत्या. लहानपणी भावंडांमध्ये कोणी किती खाल्ल्या ते त्या रांगेवरून मोजायचे, म्हणून सांगत होत्या. मुलाने आपली रांग रचायला घेतली. पुढची दहा मिनिटं आमच्या टेबलावर कोणी काही बोललं नाही, आणि शेवटी आजी जिंकली.

दुपारी ऊन्हात हिंडण्यात अर्थ नसतो. कान्होजींची समाधी गावातच आहे, 1729 मध्ये ते गेले. तिथे जाऊन आलो. मुलाने इस्रायल आळीत चक्कर टाकली आणि सिनेगॉग बाहेरून पाहून आला. बेने इस्रायली लोक इकडच्या गावांत पिढ्यानपिढ्या तेलाच्या घाण्या चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आईंच्या लहानपणी शेजारी असं एक कुटुंब होतं, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. नंतर ते इस्रायलला गेले. "तिकडे समुद्र आहे ना?" आईंनी मध्येच विचारलं. आहे, म्हटलं. "मग ठीक."

किनाऱ्याजवळच एक आवार आहे, त्याच्या फाटकासमोरून हजारो लोक भेळ खात जातात. ती अलिबागची चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला व्हायची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. 1859 मध्ये सूर्यावरून जे प्रचंड वादळ आलं त्याची नोंद तिथल्या उपकरणांनी केली होती. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने नाजूक सुया थरथरणार, नोंदी खराब होणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडलं आणि चुंबकाला ओढ लागेल असं काहीही बांधकामात न वापरता इथे नवी वेधशाळा उभी केली. 1904 मध्ये काम सुरू झालं. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुनी नोंद आणि नवी नोंद यांचा सांधा जुळावा. ट्राम आली 1907 मध्ये. 1964 मध्ये गेलीसुद्धा. वेधशाळा आपली इथेच आहे. मुंबईचा कलकलाट सहन न होऊन अलिबागला येणाऱ्यांमध्ये पहिला नंबर एका लोहचुंबकाचा लागतो, हे कळल्यावर नवरा फाटकासमोर जरा आदराने उभा राहिला.

साडेतीनला पुन्हा वाळूवर आलो आणि धाकटी जागच्या जागी थांबली. सकाळी जिथे घोडे धावत होते तिथे होड्या होत्या. ती कालवंवाली बाई जिथे बसली होती तो खडक शोधूनही सापडेना. पाणी सुरूच्या झाडांच्या दिशेने चढत आलं होतं, भेळवाल्यांनी गाड्या मागे ओढल्या होत्या आणि किल्ला खरोखरचा बेटावर गेला होता. "माझ्या चपला?" तिने विचारलं. भाऊ म्हणाला, "वर तीन मीटर पाणी." आकडा त्याने ठोकून दिला असावा, पण तिला तो पटला. ती कमरेपर्यंत भिजून आली, खाली फरशी नसलेल्या पाण्यात. पावणेचार वाजता आईंनी घड्याळाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. चार वाजले तरी पाणी चढतच होतं. मुलगा काही बोलला नाही, फक्त आजीकडे बघून बोटांनी तीन-तीन मिनिटं मोजत राहिला. आजीने त्याला चापट मारली.

राहायचं का, असा प्रश्न दर वेळी चारच्या सुमारास कोणीतरी काढतं. या वेळी मुलाने काढला, हे विशेष. मी कायम नाहीच म्हणते. मुक्काम केला की खोली येते, खोलीबरोबर टीव्ही येतो, सकाळी उठण्यावरून भांडणं येतात, आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं हे पुन्हा आपणच ठरवायचं असतं. एका दिवसात समुद्र जेवढं ठरवून देतो तेवढं बास. आईही राहत नाहीत. त्यांचं कारण वेगळं आहे. इथून चौल पंधरा-सोळा किलोमीटरवर, आणि माहेरच्या इतक्या जवळ येऊन हॉटेलात झोपायचं, हे त्यांना जमत नाही. तसं त्यांनी एकदाच सांगितलं होतं.

बसच्या आधी बाजारात पांढरे कांदे. भाताची कापणी झाली की कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या बाजूच्या शेतांत हा कांदा लावतात, फेब्रुवारीपासून बाजारात येतो, आणि त्याच्या पातीचीच वेणी घालून माळा करतात. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मानांकन मिळाल्यापासून नुसत्या पांढऱ्या रंगाचे इकडचे तिकडचे कांदेही अलिबागचे म्हणून विकायला लागलेत, त्यामुळे आई आधी बाईला गाव विचारतात, मग शेत कोणत्या बाजूला ते विचारतात, मग माळेचा गाठा हातात घेऊन बघतात. दोन माळा घेतल्या. एक आम्हाला, एक माझ्या नणंदेला ठाण्याला. वरच्या टोकाला धरून त्या माळा आईंनी बसमध्ये, लाँचमध्ये आणि टॅक्सीत स्वतःच्या मांडीवर ठेवल्या. कोणाला हात लावू दिला नाही.

परतीच्या लाँचवर सगळे झोपले, मीसुद्धा, त्यामुळे सूर्यास्ताबद्दल काही लिहिता येत नाही.

सीएसएमटीला गाडी मिळाली. नवरा आणि मुलगा पुरुषांच्या डब्यात, आम्ही तिघी बायकांच्या. खिडकीला माळा टेकवल्या आणि मशीद बंदर येण्याआधीच समोरच्या बाईने विचारलं, "मावशी, अलिबागचा ना? केवढ्याला?" आईंनी किंमत सांगितली, गाव सांगितलं, कच्चा कसा खायचा ते सांगितलं. तिच्या शेजारची म्हणाली, तिच्या आईच्या घरी असायचा, आता कुठे मिळतो. आईंनी वेणीतून दोन कांदे पिळून काढले आणि तिच्या हातावर ठेवले. मग पहिल्या बाईला दोन. मग दारातून एक मुलगी वळून बघत होती, तिला. भायखळा, दादर, कुर्ला. "घ्या हो, घरचेच आहेत," आई म्हणत होत्या. मी धाकटीकडे पाहिलं, ती अनवाणी पाय बाकावर घेऊन गाढ झोपली होती, नाहीतर बोललीच असती.

मुलुंडला नवरा फलाटावर वाट बघत होता. त्याने आईंच्या हातातली पिशवी घेतली, वजन पाहिलं, आत पाहिलं.

"दोन माळा होत्या ना?"

"बायका विचारत होत्या," आई म्हणाल्या, आणि जिन्याकडे चालायला लागल्या.